करडं शेत

सत्तेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करायला घेतलेल्या माणसाने संगणक दुरुस्तीच्या दुकानात जाऊन "सी ड्राइव्हमध्ये माझं काहीच नाही, खुशाल फॉरमॅट करा" असं छातीठोकपणे सांगू नये. मी सांगितलं. दुकानदाराने दोनदा विचारलं होतं, त्यामुळे त्याला बोल लावायचीही सोय राहिली नाही. प्रबंधाची फाइल डी ड्राइव्हमध्ये होती, ती वाचली. पण चार वर्षं ज्यात संदर्भ साठवले, ते झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर आपला संसार सी ड्राइव्हमध्ये माझ्या नावाच्या फोल्डरात थाटून बसलं होतं. पिंप्राळ्याला घरी येऊन ते नव्याने टाकलं आणि उघडलं. डावीकडे "माय लायब्ररी" असं लिहिलेलं आणि उजवीकडे पांढरंशुभ्र मैदान. तीनशे बारा पुस्तकं, लेख आणि टिपणं गेली होती. ग्रंथपालाला जाग यावी म्हणून मी ती खिडकी तीनदा बंद करून तीनदा उघडली.

झोटेरो म्हणजे काय, हे मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या मंडळींनी ते २००६ मध्ये काढलं आणि फुकट दिलं. पुस्तकाची नोंद एकदा करायची, मग लिहिताना बटण दाबलं की कंसात लेखक आणि वर्ष येतं, शेवटी संदर्भसूची आपोआप तयार होते. माझा विषय खानदेशातल्या शेतीचे बोलीशब्द. मार्गदर्शक सरांचा निरोप आला होता, की संदर्भांची पद्धत बदला, कंस नकोत, तळटिपा हव्यात. हातात पंधरा दिवस. मी वही काढली आणि प्रबंधाच्या शेवटची छापील सूची बघून एकेक नोंद झोटेरोत पुन्हा टाइप करायला बसलो. चार तासांत अकरा झाल्या. त्यातल्या दोन एकाच पुस्तकाच्या होत्या.

आषाढी एकादशी जवळ आली होती. त्या दिवशी पिंप्राळ्याचा रथ निघतो, म्हणून धुळ्याला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा दोन दिवस आधीच आला. त्याने माझं टाइपिंग थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाला, "मामा, त्या कंसावर नुसतं क्लिक करा." मी "(ग्रिअर्सन १९०७)" वर क्लिक केलं. तेवढाच तुकडा करड्या रंगाचा झाला. "दिसलं? हे फील्ड आहे." मला फील्ड म्हणजे शेत एवढंच माहीत. मजकुराच्या मधोमध करड्या मातीचं एक शेत, एवढं कळलं. "वर दिसतं ते पीक. माल खाली आहे," तो म्हणाला. चार वर्षं मी रोज हा करडा रंग बघत होतो आणि फाइल जुनी झाल्यामुळे डाग पडतात असं समजत होतो.

खालचा माल बघायचा तर ऑल्ट आणि एफ नाइन एकदम दाबायचं. मी ऑल्ट आणि एफ फोर दाबलं. प्रबंध बंद झाला. पुन्हा उघडून चष्मा लावून एफ नाइन दाबलं तर काहीच होईना. लॅपटॉपवर एफएन नावाची तिसरी कळही धरावी लागते, हे भाच्याने सांगितलं. तीन बोटं तीन ठिकाणी ताणून दाबलं आणि स्क्रीनभर महिरपी कंसांचा पूर आला. जिथे "(ग्रिअर्सन १९०७)" होतं तिथे पंधरा-वीस ओळींचं इंग्रजी पिकलेलं. मी ओरडलोच. पण भाचा शांतपणे वाचू लागला: "फॅमिली: ग्रिअर्सन. गिव्हन: जॉर्ज अब्राहम." मी मनात भाषांतर केलं, कुटुंब: ग्रिअर्सन, दिलेलं: जॉर्ज अब्राहम. जणू जन्मदाखलाच. पुढे ग्रंथाचं नाव, खंड, प्रकाशनाचं गाव, साल. मी जे जे झोटेरोत भरलं होतं, त्याची एकेक नक्कल प्रत्येक कंसाखाली पुरलेली होती. म्हणजे माझं ग्रंथालय जळालं नव्हतं. मी त्याच्यावर बसून लिहीत होतो.

भाचा रथाच्या तयारीसाठी मंदिराकडे गेला. जाताना एवढंच म्हणाला, "वर्डची फाइल म्हणजे खरं तर झिप असते, उघडून बघा." झिप म्हणजे बऱ्याच फाइली दाबून एकत्र बांधलेलं गाठोडं. नावाचं शेपूट डॉक्सऐवजी झिप केलं की गाठोडं सुटतं. मी नाव बदललं, तरी वर्डच उघडलं. अर्ध्या तासाने लक्षात आलं, की विंडोज खरं शेपूट लपवून ठेवतं आणि माझ्या फाइलचं नाव आता "प्रबंध डॉट झिप डॉट डॉक्स" झालं होतं. शेपूट दाखवण्याची खूण सापडली, गाठोडं सुटलं. आत "वर्ड" नावाचं फोल्डर, त्यात "डॉक्युमेंट" नावाची फाइल, आणि नोटपॅडमध्ये तिची एकच न संपणारी ओळ. त्यातून ग्रिअर्सनचं कुटुंब शोधून हाताने उतरवायला गेलो, तर मधूनच वर्डने स्वतःच्या खुणा घुसवलेल्या, आडनाव एका खुणेच्या अलीकडे आणि नाव पलीकडे. गंमत म्हणून मूळ प्रबंधच नोटपॅडमध्ये उघडला. अगम्य चिन्हांच्या राशीत पहिली दोन अक्षरं स्वच्छ इंग्रजीत होती: पी आणि के. झिपची पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. माझ्या प्रबंधाच्या अगदी पहिल्या जागी माझ्याआधी त्याची सही होती.

रात्री भाच्याने खरी वाट दाखवली. रेफरन्स एक्स्ट्रॅक्टर नावाचं एक मोफत साधन आहे. मी त्याला संदर्भ-उपटणी म्हणतो. त्याला वर्डची फाइल द्यायची, ते सगळ्या शेतांतला माल उपटून एका जागी रास घालतं. मी मोठ्या उत्साहाने प्रबंधाची पीडीएफ दिली. ती स्वीकारलीच नाही. पीडीएफ म्हणजे कापणी झालेलं, वर दिसतं तेवढंच. मग सरांना पाठवलेली "अंतिम" वर्ड फाइल दिली. संदर्भ सापडले शून्य. माझ्या पोटात गोळा आला. भाच्याने विचारलं, "मामा, पाठवण्याआधी 'अनलिंक सायटेशन्स' दाबलं होतं का?" दाबलं होतं. करडे डाग जावेत म्हणून. त्या एका बटणाने सगळी शेतं सपाट होऊन साधा मजकूर उरतो. डाग पुसले असं समजून मी त्या प्रतीतला सगळा माल फेकला होता.

नशीब, की बटण दाबण्याआधीची प्रत डी ड्राइव्हमध्ये होती. ती दिली. एकशे सत्याऐंशी संदर्भ! मी टाळी वाजवली. भाचा म्हणाला, "होते किती?" तीनशे बारा. प्रबंधात ज्यांचा उल्लेख केला तेवढेच परत आले. जे वाचलं पण कुठे उल्लेखलं नाही, ते गेलं.

मग मला, या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच, स्वतःहून काहीतरी सुचलं. माझ्याकडे "अंतिम", "अंतिम दोन", "खरंच अंतिम" आणि सरांना वेळोवेळी मेल केलेली प्रकरणं अशा नऊ प्रती होत्या. जुन्या प्रतींत नंतर खोडलेले परिच्छेद असणार आणि त्यांत खोडलेले संदर्भ. नऊच्या नऊ उपटणीत घातल्या. सत्तावीस नवे निघाले, एकूण दोनशे चौदा. तेराव्या शतकातल्या म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली आणि महानुभावांनी ते आठवणीतून पुन्हा उभं केलं, म्हणून त्याचे निरनिराळे पाठ आहेत, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. माझ्याही प्रबंधाचे नऊ पाठ झाले, असं मी भाच्याला ऐटीत म्हणालो. तो म्हणाला, "त्यांच्याकडे धाड आली होती. तुमच्याकडे तुम्हीच आलात."

मिळालेली रास झोटेरोत आणायची तर "इम्पोर्ट" करायचं, म्हणजे आयात. मी आयात केली, काही झालेलं दिसलं नाही. पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली. झोटेरोने तिन्ही वेळा मुकाट्याने वेगळा कप्पा करून माल त्यात ठेवला होता, मी भलत्याच कप्प्यात बघत होतो. दोनशे चौदाचे सहाशे बेचाळीस झाले. चार वर्षांत न झालेली प्रगती मी पाच मिनिटांत करून दाखवली.

तिळे निस्तरताना प्रत्येक नोंद डोळ्यांखालून गेली, आणि माल जसा पेरला तसाच उगवतो हे कळलं. ग्रिअर्सनच्या दोन नोंदी निघाल्या. एकीत त्याच्या भारतीय भाषांच्या लिंग्विस्टिक सर्व्हेचा सातवा खंड, १९०५, आणि दुसरीत नवव्या खंडाचा तिसरा भाग, १९०७. खानदेशीची नोंद त्याने मराठीच्या सातव्या खंडात नव्हे, भिल्ल भाषांबरोबर नवव्यात केली, हा माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा कणा. तरी एका ठिकाणी पानं नवव्याची आणि खंड सातवा, असं मीच ठोकून दिलं होतं. खानदेश गॅझेटियर १८८० चं, माझ्याकडे एका जागी १९८०. सगळं हरवलं नसतं तर हे परीक्षकांना आधी सापडलं असतं.

एकादशीला रथ निघाला. चाकाखाली मोगरी घालून तेवढा मोठा रथ माणसं वळवतात, ते पाहून घरी आलो आणि ठरवलं की आता आपणही वळवायचं. नव्या ग्रंथालयातून ग्रिअर्सन एका जागी नव्याने घातला. सूचीत १९०७ ए आणि १९०७ बी असे दोन ग्रिअर्सन उभे राहिले. भाच्याने समजावलं, की जुने कंस अजून मेलेल्या ग्रंथालयाचाच पत्ता सांगतात. नाव, साल तेच असलं तरी झोटेरोच्या लेखी नवा ग्रिअर्सन वेगळा. तेव्हा आधी उल्लेख झालेलं पुन्हा घालताना शोधचौकटीतल्या "सायटेड" या गटातून घ्यायचं, नवं असेल तरच ग्रंथालयातून. तसं केलं, दोघांचा एक झाला. मग धडधडत्या छातीने पद्धत बदलली. एका क्लिकसरशी सगळे कंस तळटिपा होऊन खाली उतरले.

"पाहिलंस? ग्रंथालय परत आणलं म्हणून झालं," मी म्हणालो. भाचा जरा घुटमळला. "मामा, ग्रंथालय रिकामं असतं तरी झालं असतं. पद्धत बदलायला फील्डमधला मालच पुरतो." म्हणजे सरांचं काम पहिल्याच दिवशी एका क्लिकचं होतं. रिकामं झोटेरो बघून, बटण दाबलं तर उरलंसुरलंही पुसेल, या भीतीने मी ते दाबलंच नव्हतं.

उरलेल्या अठ्ठ्याण्णवांतलं बरंचसं पुन्हा वाचनालयात मिळेल. खरी चुटपुट टिपणांची. संदर्भाच्या शेतात लेखक, साल, नाव असतं. आपण बाजूला लिहिलेली टिपणं नसतात. माय तिच्या माहेरच्या विहिरीवरच्या मोटेबद्दल बोलली होती, नाडा, सोंदूर, धाव, थारोळं, कोण कुठे उभं राहायचं, बैलांना काय हाक मारायची. तीन संध्याकाळींचं ते बोलणं मी झोटेरोच्या टिपणांत ठेवलं होतं. प्रबंधात त्यातले शब्द वापरले, पण तिचा उल्लेख कुठेच केला नव्हता. घरच्या माणसाचा काय संदर्भ द्यायचा, असं वाटलं होतं. आणि याच प्रबंधात मी पानभर लिहिलं आहे, की बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी गाणी उतरवून घेतली म्हणून त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये ती छापली गेली, आणि जी कोणी उतरवली नाहीत ती जळगावच्या मातीतच राहिली.

मायजवळ जाऊन बसलो. ती ओसरीवर शेंगा निवडत होती.

"माय, मोटेचं पुन्हा सांगतेस?"

"तुले मांगेच सांगतलं होतं ना? तव्हा लिहून नही घेतलं का?"

"घेतलं होतं. हरवलं."

तिने सुपातली शेंग बाजूला ठेवली आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला सोंदुरापासून. मागच्या वेळी नाड्यापासून केली होती, एवढं मला आठवत होतं. रात्री झोटेरोचं खातं उघडून नोंदी आपोआप दुसरीकडे साठत राहतील अशी सोय केली. नोंदी आणि टिपणांपुरती ती फुकट असते, हे चार वर्षं माहीत नव्हतं. मग नवी नोंद केली: प्रकार, मुलाखत. शेतात जाऊन ज्याचं "फॅमिली" होतं त्या रकान्यात आमचं आडनाव टाकलं, ज्याचं "गिव्हन" होतं त्यात तिचं नाव. आणि तिसऱ्या प्रकरणात, थारोळं या शब्दापाशी, कर्सर ठेवून तो संदर्भ घातला आणि खालच्या तळटिपेवर क्लिक केलं. तिचं नाव करडं झालं.