खाऊन प्यायलं तरी

मेदाने भरलेलं यकृत ओळखायला मायक्रोस्कोप लागत नाही. निरोगी यकृत तांबूस-तपकिरी असतं, सुरीखाली नीट कापलं जातं. हे मात्र पिवळट, फुगलेलं असतं. कापताना पात्यावर तेलकट थर चढतो. मेद फारच असेल तर तुकडा फॉर्मॅलिनच्या बरणीत बुडत नाही, तरंगतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात आयुष्य गेलं, त्यामुळे अशी यकृतं भरपूर हाताळली.

गंमत अशी की स्लाइडवर हा मेद दिसतच नाही. तुकडा मेणात बसवण्याआधी अल्कोहोल आणि झायलीनमधून काढावा लागतो, तिथेच मेद विरघळून जातो. उरतात पेशींमधली गोल, पांढरी भोकं आणि कडेला सरकलेलं केंद्रक. नवे विद्यार्थी विचारतात, "मॅडम, फॅट कुठंय?" मग मी तुकडा गोठवून कापते आणि ऑइल रेड ओ लावते. केशरी-लाल थेंबांनी सगळी पेशी भरलेली दिसली की प्रश्न मिटतो.

नातेवाइकांचे प्रश्न मात्र मिटत नाहीत. रिपोर्ट न्यायला आलेली बायको सांगते, "उपाशीपोटी कधी घेतली नाही हो त्यांनी. मटण, अंडी, सगळं व्यवस्थित असायचं." भाऊ म्हणतो, "गावठी नाही, चांगली इंग्लिशच घ्यायचा." खाऊन प्यायलं की दारू बाधत नाही, ही समजूत शिकल्यासवरल्यांतही पक्की आहे.

एकेकाळी डॉक्टरही हेच मानत. दारूने यकृत बिघडतं ते पोषणाअभावी, असं पाठ्यपुस्तकांत होतं. चार्ल्स लिबर या अमेरिकेतल्या संशोधकाने ते खोडून काढलं. लिओनोर डिकार्ली यांच्याबरोबर त्याने उंदरांसाठी द्रवरूप आहार तयार केला. त्यात प्रथिनं-जीवनसत्त्वं पुरेशी, फक्त काही उष्मांक दारूतून. तरी यकृतात मेद साठला. १९६८ साली व्यसन नसलेल्या स्वयंसेवकांना सकस आहारासोबत दारू दिली, तेव्हा त्यांच्याही यकृतात मेद दिसला, तोही काही दिवसांत.

कारण पेशीच्या आतल्या कारभारात आहे. यकृत दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, मग अ‍ॅसिटेट. दोन्ही पायऱ्यांवर सुटलेला हायड्रोजन उचलायला एनएडी नावाचा हमाल लागतो. ओझं घेतलं की तो एनएडीएच होतो. मेदाम्लं जाळायलाही हाच मोकळा हमाल हवा असतो. तो दारूत गुंतला की जाळणं अडतं आणि मेदाम्लांचे ट्रायग्लिसराइड होऊन पेशीत साठतात. वर, मेद तयार करणाऱ्या जनुकांना चालना देणारं एसआरईबीपी-१सी जोर धरतं आणि मेद जाळायला लावणारं पीपीएआर-अल्फा मंदावतं. मेद बाहेर पाठवण्याचं कामही रेंगाळतं. म्हणजे आवक वाढली, खप घटला, जावक तुंबली. यात मटणाने काय फरक पडणार?

"मला आता चढतच नाही," असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. मेंदू सरावतो, हे त्याचं एक कारण. दुसरं यकृतात असतं. रोजच्या पिण्याने सीवायपी२ई१ हे विकर वाढतं आणि दारूचा निचरा लवकर करतं. पण ते काम करताना ऑक्सिजनचे दाहक रेणू सोडतं आणि ते पेशीची आवरणं, मायटोकॉन्ड्रिया पोखरतात. हे विकर यकृतातल्या मध्यशिरेभोवती जास्त असतं, तिथे प्राणवायूही कमी पोचतो. म्हणून स्लाइडवर मी पहिली नजर मध्यशिरेकडे टाकते. हेच विकर पॅरासिटामॉलचंही विषारी द्रव्य बनवतं, म्हणून नेहमी पिणाऱ्याने ही गोळी मनाने खाऊ नये.

पुढची पायरी सुजेची. दारूने आतड्याचं अस्तर गळकं होतं, जिवाणूंचं विष रक्तातून यकृतात येतं, तिथल्या कुप्फर पेशी खवळतात आणि टीएनएफ-अल्फा सोडतात. सूज रेंगाळली की स्टेलेट पेशी तंतू विणू लागतात. या तंतूंच्या पट्ट्यांनी वेढलेल्या गाठींचं कडक यकृत म्हणजे सिऱ्होसिस. तिथून मागे फिरणं फार अवघड.

पण नुसता मेद असेल तर दारू पूर्ण बंद केल्यावर तो बहुधा काही आठवड्यांत उतरतो. इतकी सवलत फार थोडे आजार देतात. तेव्हा सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' आलं की चखना बदलू नका, ब्रँड बदलू नका, दारू थांबवा. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र ती एकाएकी न तोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी, कारण अचानक बंद केल्याने झटके येऊ शकतात.