मूळ चित्रासमोर

शहापूर तालुक्यात चित्रकला शिकवायची म्हणजे छापील चित्रांवरच भागवावं लागतं. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणारी आमची मुलं स्थिरचित्र, स्मरणचित्र मनापासून करतात. काहींच्या घरी तर लग्नात भिंतीवर चौक लिहिला जातो, त्यामुळे रेघेची ओळख त्यांना लहानपणापासून असते. पण मोठ्या चित्रकाराचं मूळ चित्र यांनी पाहायचं कुठे? २०१८ साली मुंबईत म. वि. धुरंधरांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा पालकांच्या संमतीच्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि आसनगावहून सकाळची लोकल पकडली.

प्रदर्शन होतं नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये. रीगल सिनेमाच्या चौकातली ही दगडी वास्तू म्हणजे १९११ सालचं सर कावसजी जहांगीर सभागृह. समोरचं वस्तुसंग्रहालय आणि गेटवे ऑफ इंडिया ज्यांनी उभारले, त्याच जॉर्ज विटेट यांचा हा आराखडा. इथे सभा गाजल्या, गाण्याच्या मैफली झाल्या. पुढे वास्तूला उतरती कळा लागली. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि इतर कलावंतांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९९६ मध्ये तिथे कलादालन सुरू झालं. बाहेरचा दगड तसाच ठेवून आतली रचना नव्याने केली आहे. अर्धगोलाकार जिना चढत जायचं, मजल्यामजल्यावर चित्रं पाहायची आणि शेवटी थेट घुमटाखाली पोचायचं. घुमटाखाली मुलांचे आवाज आपोआप खाली आले.

धुरंधर मूळचे कोल्हापूरचे, जन्म १८६७ चा. १८९० मध्ये ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले आणि तिथेच शिक्षक झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मचरित्राचं नावच सगळं सांगतं. त्यांची मोठी तैलचित्रं भारदस्त आहेत, पण माझी मुलं रेंगाळली ती छोट्या जलरंगांपाशी. बाजारातल्या बायका, डोक्यावर ओझं घेतलेली माणसं, नऊवारीचे काष्टे. ऑटो रॉथफील्डच्या १९२० सालच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी धुरंधरांनी ४८ चित्रं काढली होती. माणसाचा पेहराव आणि उभं राहण्याची ढब टिपावी ती त्यांनीच.

एका चित्राशी नववीतली एक मुलगी बराच वेळ थांबली होती. मी जवळ गेल्यावर हळूच म्हणाली, “सर, पदराला पांढरा रंग लावलाच नाही. कागद तसाच सोडलाय.” मीही वाकून पाहिलं. पदराची उजळ कड म्हणजे कोरा कागद होता. शेजारी रंगाचा एकच पातळ हात, आणि त्याखालून पेन्सिलीची बारीक रेघ स्पष्ट दिसत होती. पारदर्शक जलरंगात पांढरा लावायचा नसतो, राखायचा असतो, हे मी फळ्यापाशी उभं राहून वर्षानुवर्षं सांगत आलो. छापील चित्रात ते दिसतच नाही. तिथे सगळा रंग सपाट होऊन येतो. त्या मुलीला ते कुणी न सांगता कळलं. पुढच्या तासाला तिने काढलेल्या मडक्यावरचा उजेड कोऱ्या कागदाचा होता, आणि तिचं पाहून बाकीच्यांनीही पांढऱ्याची ट्यूब बाजूला ठेवली.

आमच्या तालुक्यातल्या भातसा, तानसा, मोडकसागरचं पाणी रोज मुंबईला जातं. मग मुंबईतल्या कलादालनांवर आमच्या मुलांचा हक्क का नसावा? तिथे जायला आमंत्रण लागत नाही, आणि चित्रकलेत हुशार असण्याची तर अजिबात अट नाही. कसारा मार्गावरच्या आणि मुरबाडच्या शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: वार्षिक सहलीत वॉटरपार्कच्या जोडीला एखादं कलादालनही धरा. नॅशनल गॅलरी सोमवारी बंद असते, तेवढं लक्षात ठेवा, आणि मुलांना एकेका चित्रापुढे हवा तितका वेळ थांबू द्या.