७५ वॉटांत बसणारी हौस

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ग्राफिक्स कार्ड घ्यायला आलेला पोरगा आधी फ्रेम किती मिळतील ते विचारतो. मुरलेला दुकानदार उलट विचारतो, "पॉवर सप्लाय कुठला आहे?"

प्रश्न रास्त आहे. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्यापुढची भूक सप्लायच्या वेगळ्या वायरीने भागवायची. ऑफिसातून निघालेल्या जुन्या पीसीत ती वायर बहुधा नसतेच. म्हणून तर त्या वायरीविना चालणारी २०१६ची जीटीएक्स १०५० टीआय इतकी वर्षं मागणीत राहिली. २०२४ साली आलेली ६ जीबीची आरटीएक्स ३०५० तर ७० वॉटांतच भागवते. (८ जीबीची ३०५० निराळी, जास्त ताकदीची आणि खादाड. नावावर जाऊ नये.)

वॉटांपलीकडची खरी मेख आहे आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये. २०२२च्या या कार्डाला त्या स्लॉटच्या, म्हणजे पीसीआयईच्या, चारच लेन. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्यांचा वेग निम्मा होतो, आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. म्हणजे ज्याचा पीसी जुना, फटका त्यालाच!

सप्टेंबर २०२२मध्ये ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग थांबलं आणि वापरलेली कार्डं बाजारात उतरली. अशी कार्डं घेताना गेम चालवून बघायला विक्रेता का-कू करू लागला, तर पैसे खिशातच बरे.