यवतेश्वराच्या घाटांत

साताऱ्यास येणारा प्रवासी बहुधा अजिंक्यतारा पाहतो, सज्जनगडास जाऊन येतो, आणि भाद्रपदांत आला असल्यास कासच्या पठारावरील फुलें पाहून परततो. कासला जातांना यवतेश्वराचा घाट त्यास वाटेंत लागतो खरा. पण मोटारींत बसून हां हां म्हणतां सरणाऱ्या घाटाची ओळख व्हावी कशी? आम्हांस ती झाली पायांनीं, आणि तीहि एकदां फजिती झाल्यावर.

२०१२ सालापासून साताऱ्यास पावसाळ्याच्या उत्तरार्धांत अर्ध-मॅरेथॉनची शर्यत होऊं लागली. अंतर २१ किलोमीटर व वर ९७ मीटर. अदालतवाडा, समर्थमंदिर करीत धांवणारे घाटाच्या पायथ्याशीं येतात, घाट चढून पठारावर जातात, आणि आल्या वाटेनेंच गांवांत परततात.

पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनीं रक्तांतील साखरेचा आंकडा आमच्यापुढें ठेवला व रोज चालावयास सांगितलें. चालण्याचें धांवणें झालें आणि धांवण्याचा अभिमान झाला. घरांत कोणास न विचारतां आम्हीं शर्यतींत नांव घातलें. समर्थमंदिरापर्यंत तरुणांच्या बरोबरीनें धांवलों. पुढें घाटांत पोटऱ्यांना असे गोळे आले कीं कठड्यावर बसून पाय धरावे लागले. लंगडत खालीं उतरलों तों सूनबाई रिक्षा घेऊन उभ्या. वाटेंत त्यांनीं अक्षर काढलें नाहीं. घरीं आल्यावर मातोश्रींनीं ती उणीव भरून काढली.

“मामंजी,” मार्गशीर्षांत एके दिवशीं सूनबाई म्हणाल्या, “पुढच्या वर्षीं धांवणारच असाल तर मीहि येतें. मात्र एकट्यानें सराव करावयाचा नाहीं.”

दर रविवारीं पहाटे समर्थमंदिराशीं एक मेळा जमतो, त्यांत त्यांनीं आम्हांस नेऊन सोडलें. दुधाचा रतीब मुलावर सोपवून येणारे अण्णा, शाळेंतील एक बाई, निवृत्त पोस्टमास्तर, रात्रपाळी संपवून तशीच येणारी एक परिचारिका आणि कॉलेजांतील दोन मुलगे. या मंडळींचा नियम एकच. जो आधीं माथ्यावर पोंचेल त्यानें तेथें विसांवा घ्यावयाचा नाहीं. पुन्हां खालीं येऊन सर्वांत मागें राहिलेल्यास बरोबर घेऊन चढावयाचें. पहिले दोन महिने तो मागचा गडी आम्हीच होतों, आणि आमच्यापायीं अण्णा दर रविवारीं एकच घाट दोनदां चढत.

त्यांचें शिकवणें पुस्तकी नव्हतें. दोनशें पावलें धांवा, पन्नास चाला; पावलें आंखूड टाका; वळणाकडे मान वर करून पाहूं नका. आठवड्याचें अंतर एकदम वाढवूं नका, आणि शर्यतीच्या आधींचा पंधरवडा पायांना विश्रांति द्या. घाम फार गेला असतां नुसतें पाणी पोटभर पिऊं नका. त्यांत मीठ, साखर, लिंबू हवें. उतार म्हणजे आराम, हा आमचा मोठाच भ्रम होता. उतरतांना मांडीचा स्नायु ताणला जात असतांनाच शरीराचा भार पेलतो, म्हणून तो अधिक दुखावतो. पहिल्या खेपेनंतर दोन दिवस आम्ही घरचा जिना कठड्यास धरून उलटे उतरत होतों! त्यावर उपाय उताराच्याच हळूहळू सरावाचा.

हळूहळू घाटहि उमगूं लागला. हिंवाळ्यांत खालीं सारें सातारा धुक्यांत बुडालेलें, वर अजिंक्यताऱ्याचा माथा तेवढा तरंगणारा. चढून गेल्यावर उत्तरेस वेण्णा नदीवरील कण्हेर धरणाचें पाणी चमके. आषाढांत कातळावरून ओहोळ रस्त्यावर येत आणि दहा हातांपलीकडचा सोबती दिसेनासा होई. मग एकमेकांना हांका मारीत चढावें लागे. अशाच एका चढावर पोस्टमास्तरांनीं फडेप्पा दरेप्पा चौगुल्यांची गोष्ट सांगितली. बेळगांवचा हा गडी १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें संपूर्ण मॅरेथॉन धांवून १९ वा आला. “आपल्याला त्याच्या निम्मेंच धांवावयाचें आहे,” असें ते म्हणाले. त्या निम्म्यानें आम्हांस धीर आला कीं धडकी भरली, हें आतां आठवत नाहीं.

शर्यतीच्या दिवशीं पाऊस बारीक होता. या खेपेस घाट चढलों, पठारावरून परत फिरलों, घड्याळाकडे पाहिलें. तीन तासांच्या आंत येणार, असें आम्हीं आळीभर सांगून ठेवलें होतें आणि तें साधणार असें दिसत होतें. उताराच्या एका वळणावर अण्णा कठड्यावर पाय धरून बसलेले. तोच गोळा. “तुम्ही व्हा पुढें,” ते म्हणाले, “तीन तास गांठा.”

आम्हीं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पुढें गेलों.

दोन तास अठ्ठावन्न मिनिटें लागलीं. पदक गळ्यांत पडलें, कोणी केळें दिलें, तें हातांतच राहिलें. वीस-बावीस मिनिटांनीं अण्णा आले, लंगडत, सूनबाईंच्या खांद्याचा आधार घेऊन. सूनबाई आमच्या मागून येत होत्या. त्या थांबल्या होत्या. दोघांचें खजूर खाणें आणि हंसणें चाललें होतें. अण्णांनीं आमचें घड्याळ पाहिलें आणि मनापासून पाठ थोपटली.

घरीं सूनबाईंनीं यांतील कांहींच सांगितलें नाहीं. रात्रीं आम्हींच मातोश्रींना सांगितलें. त्या बराच वेळ वाती वळीत राहिल्या. मग म्हणाल्या, “आणि त्याचा पाय आतां कसा आहे?” आम्हीं विचारलें नव्हतें.

पुढच्या रविवारीं जावें कीं न जावें, असें झालें होतें. गेलों. अण्णा आमच्या आधींच आलेले. पाय बरा होता. त्या दिवशीं बँकेंतील एक नवे गृहस्थ आले होते, आमच्यासारखेच अभिमानी. पहिल्याच वळणाशीं त्यांचा दम निघाला. आम्ही माथ्यावर पोंचलों तेव्हां अण्णांनीं खालीं एकवार पाहिलें आणि मग आमच्याकडे. आम्ही वळलों आणि घाट उतरूं लागलों.