गाडीच्या कडेची सावली

सेवानिवृत्तीनंतर मनसोक्त प्रवास करावा, अशी इच्छा बहुतेकांच्या मनात असते. आमच्या घरी प्रश्न इच्छेचा नव्हता, सावलीचा होता. आई 86 वर्षांची आहे. वातानुकूलित गाडीत तिचे गुडघे आखडतात, काचा बंद केल्या की जीव घाबरा होतो, आणि उघड्यावर बसावे तर शहापूर-मुरबाड भागातले ऊन होळीच्या आधीच चटके देऊ लागते. "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते," हे तिचे वाक्य ठरून गेले होते. सापगावच्या घराचा उंबरठा हीच तिची सीमा होऊ पाहत होती. भातसेचा काठ, माहुलीचे सुळके, मुरबाडपुढचा माळशेज घाट हे सारे जवळ असूनही तिच्यापुरते दूर गेले होते.

गाडीला जोडता येईल असे छत करावे, हा विचार त्यातून आला. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून फिरत्या घरांची चर्चा आपल्याकडेही होऊ लागली आहे. परंतु कल्पना नवी नाही. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला यात्रा भरते. तेथे येणारे व्यापारी पिढ्यान् पिढ्या पाल ठोकून मुक्काम करीत आले आहेत. गाडीचा आधार, दोन काठ्या आणि एक कापड, एवढेच मूळ भांडवल. बैलगाडीच्या जागी आमची जुनी व्हॅन आली, इतकाच फरक.

गाडीला भोक पाडायचे नाही आणि काहीही कायमचे बसवायचे नाही, असे प्रथमच ठरविले. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच अधोरेखित केले आहे. म्हणून टपाच्या कडेवर जुना टॉवेल घालून त्यावर आठ फुटांचा बांबू आडवा ठेवला. खाटेला लावतात त्या नवारीचे दोन पट्टे त्यावरून नेऊन, दारांमधून आत घेऊन घट्ट बांधले. बाहेरच्या बाजूस साडेसहा फुटांचे दोन बांबू उभे केले. निघताना सारे सोडून गाडीत ठेवता येते.

कापडाचा प्रश्न आईनेच सोडविला. नुसती ताडपत्री तापते आणि ती उष्णता खाली बसलेल्यांच्या डोक्यावर उतरते. त्यावर उपाय दुहेरी छताचा. वर रोपवाटिकेत वापरतात तसले 75 टक्के सावली देणारे शेडनेट, खाली सुती कापड, आणि दोहोंमध्ये वीतभर मोकळी जागा. वरचा थर ऊन झेलतो, मधली गरम हवा वाऱ्याबरोबर निघून जाते आणि खालचा थर त्या मानाने थंड राहतो. मी कापड आणावयास निघालो, तेव्हा आईने ट्रंकेतून आपली पांढरी सुती साडी काढून दिली. साडेपाच मीटर लांबीच्या साडीचे दोन समान तुकडे करून ते कडेला कडा लावून शिवले, की आठ फूट बाय सात फुटांचे छत होते. शिलाई तिनेच सांगितली, सौ.ने यंत्रावर मारली.

आता सूर्याचा हिशेब. सापगाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. मेच्या दुपारी छताची सावली नेमकी छताखाली पडते. डिसेंबरात मात्र माध्यान्हीचा सूर्यही दक्षिणेकडे 47 अंशांवरच असतो, त्यामुळे साडेसहा फूट उंचीच्या छताची सावली सहा फूट उत्तरेकडे सरकते.

खरी कसोटी संध्याकाळची. आमचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास ताट वाढावे, तर कलत्या सूर्यामुळे छताची सावली पंधरा-सोळा फूट पूर्वेला जाऊन पडते आणि छताखाली बसलेल्यांच्या तोंडावर ऊन येते. यावर तोडगा गाडी उभी करण्यातच आहे. गाडीचे तोंड दक्षिणेकडे केले की डावे दार पूर्वेला येते. छत त्या बाजूस बांधावे. दुपारी छत सावली देते, संध्याकाळी गाडीच पश्चिमेची भिंत होते. हिवाळ्यात खुर्ची मागच्या चाकाकडे सरकवावी आणि सकाळी पूर्वेच्या काठाला एक चादर सोडावी.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. ताशी 36 किलोमीटर वेगाचा वारा 56 चौरस फुटांच्या अखंड कापडात समोरून भरला, तर ढोबळमानाने तीस-बत्तीस किलोंचा जोर येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. खुंट्या ठोकल्याने जमिनीतील मुंग्यांची वारुळे मोडतात, म्हणून आम्ही दोन्ही बांबूंच्या दोऱ्या पाण्याने भरलेल्या वीस-वीस लिटरच्या कॅनना बांधतो. त्याच पाण्याने पुढे हात धुणे आणि भांडी होतात. चाळीस किलोंच्या त्या वजनाची मर्यादा ओळखून नियम केला आहे: लहान झाडे डोलू लागली की छत उतरवायचे. त्यासाठी सर्व गाठी एका ओढीत सुटणाऱ्या सुरगाठी आहेत. वैशाखातील वळीव सांगून येत नाही.

एकूण खर्च तीन हजारांच्या आत बसला. बँकेतील सवयीप्रमाणे तो वहीत मांडला आहे. साडीच्या रकान्यात आकडा लिहिता आला नाही.

पहिल्याच फेरीत आई भातसेच्या काठी तीन तास बसली. वर पाहत तिने काठाची बारीक नक्षी ओळखली आणि ती साडी कोणत्या लग्नात नेसली होती, ते नातीला सविस्तर सांगितले. परतताना "पुढच्या खेपेस माळशेजला जाऊ, पण पावसाच्या आधी," असे तिने स्वतःहून सुचविले. तेव्हापासून प्रवासाची तारीख तीच ठरविते, आम्ही फक्त बांबू मोजून गाडीत ठेवतो.