श्वासांची साखळी

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात एकच प्रश्न आला : ही माणसं श्वास कधी घेतात?

रात्रीची वेळ होती. कानांवर हेडफोन होते आणि एका रशियन गायनवृंदाचं ध्वनिमुद्रण चालू होतं. शब्द चर्च स्लाव्हॉनिकमधले, प्रार्थनेपुरत्या उरलेल्या जुन्या भाषेतले. मला एक अक्षर कळत नव्हतं. आधी तळातून पुरुषांचे आवाज उठले, संथ आणि दाट. मग त्यांच्यावर बायकांचे आवाज अलगद येऊन टेकले. सूर पसरत गेला, कुठेही न तुटता. सोबतीला वाद्य एकही नव्हतं. रचनेचं नाव ‘स्पासेनिये सोदेलाल’, म्हणजे ‘तारण साधलं’. रचनाकार पावेल ग्रिगोर्येविच चेस्नोकोव्ह. साल १९१२.

श्वासाचं उत्तर नंतर मिळालं. अशा वृंदात सगळे एकदम श्वास घेत नाहीत. शेजारचा गात असतो तेव्हा आपण हळूच सूर सोडायचा, छाती भरून घ्यायची आणि कुणाला चाहूल न लागू देता पुन्हा सुरात शिरायचं. आपण थांबलो तेवढा वेळ शेजाऱ्यानं सूर धरलेला असतो; तो थांबेल तेव्हा आपण धरायचा. रशियन गायक याला साखळीचा श्वास म्हणतात. नाव मला नवं होतं, पण रीत ऐकल्यावर लहानपणची कीर्तनं आठवली. बुवांचा दम सरत आला की मागचे टाळकरी चरण उचलायचे, आणि अभंग खाली पडायचा नाही.

चेस्नोकोव्हांचं आयुष्य वाचत गेलो तसतशी ही साखळी मला त्यांच्या गाण्याबाहेरही दिसू लागली.

त्यांचा जन्म १८७७चा, मॉस्कोजवळच्या एका गावातला. वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख. रशियात अशा प्रमुखाला ‘रेगेंट’ म्हणतात. घरातच रियाज आणि घरातच प्रार्थना. आठव्या वर्षाच्या आसपास पावेल मॉस्कोच्या सिनॉडल गायनशाळेत दाखल झाले आणि १८९५मध्ये तिथून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. या शाळेत स्तेपान स्मोलेन्स्की होते. दीड-दोन शतकं रशियन चर्चमध्ये इटालियन आणि जर्मन वळणाच्या रचनांचा वरचष्मा होता. स्मोलेन्स्कींनी जुन्या मठांची पठणं, त्यांच्या चिन्हांत लिहिलेल्या पोथ्या पुन्हा उघडल्या आणि आपल्या मातीचा सूर आधी ओळखा, असं मुलांना शिकवलं. पुढे संगीतकार रखमानिनोव्हनं आपली थोर ‘रात्रभराची जागरण-उपासना’ याच स्मोलेन्स्कींच्या स्मृतीला वाहिली. चेस्नोकोव्ह त्याच झाडाची फांदी. शाळा सुटल्यावर ते सेर्गेई तानेयेव्ह यांच्याकडे रचनाशास्त्र शिकले, चर्चमध्ये वृंद चालवू लागले, आणि वयाच्या चाळिशीला टेकल्यावर, १९१७मध्ये, मॉस्को कॉन्झर्व्हेटरीची पदवी घेतली. तोवर त्यांचं नाव झालं होतं. तरीही ते विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले, ही गोष्ट मला फार आवडते.

रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वाद्याला जागा नाही. ऑर्गन नाही, तंतुवाद्य नाही, तालवाद्यही नाही. प्रार्थनेला शब्द हवा आणि शब्द माणसाच्याच तोंडून यायचा, अशी त्यामागची धारणा. म्हणजे संगीतकाराच्या हाती उरतात फक्त माणसांच्या छात्या. चेस्नोकोव्हांना या मर्यादेत काही कमी पडल्याचं कधीच जाणवत नाही. ते आवाजांचे थर असे रचतात की तळाशी जाड गालिचा अंथरावा आणि वर एखादा एकटा सूर अनवाणी चालावा.

तो तळ धरण्यासाठी रशियात एक खास आवाज असतो. त्याला ऑक्टाविस्ट म्हणतात. नेहमीचा खालच्या पट्टीचा गायक जिथे थांबतो, त्याच्याही एक सप्तक खाली हा उतरतो. आपल्याकडे पहाटे खर्ज लावतात, तेव्हा छातीत एक गुणगुण उठते आणि जमीन बोलल्यासारखी वाटते. तसा तो आवाज. चेस्नोकोव्हांनी अशा आवाजासाठी एक रचना केली : ‘म्हातारपणी मला टाकून देऊ नकोस’. बायबलच्या स्तोत्रसंहितेतली विनवणी आहे ती. खर्जातला एकटा माणूस पायरी पायरीनं खाली उतरतो आणि वृंद त्याच्याभोवती हात धरून उभा राहावा तसा गात राहतो. ती लिहिली तेव्हा चेस्नोकोव्ह ऐन तिशीत होते. म्हातारपणाचं भय त्या वयात कुठून आलं, हे त्या सुरांनाच ठाऊक. ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर घराच्या ओसरीवर बसलेली, कुणी बोलेल म्हणून वाट पाहणारी म्हातारी माणसं येतात.

त्यांच्या रचना पाचशेच्या घरात जातात. त्यातल्या सुमारे चारशे प्रार्थनासंगीताच्या. त्यांना पदवी मिळाली त्याच वर्षी क्रांती झाली. चर्च आणि राज्य वेगळं झालं, सिनॉडल वृंद मोडला, शाळेचं रूप पालटलं आणि नवं प्रार्थनासंगीत छापायची वाट बंद झाली. चेस्नोकोव्ह देश सोडून गेले नाहीत. १९२०पासून ते कॉन्झर्व्हेटरीत शिकवत राहिले, सरकारी वृंद चालवत राहिले आणि त्याच्या जोडीनं चर्चमधलाही वृंद सांभाळत राहिले.

ख्रिस्त तारणहार महामंदिर हे मॉस्कोतलं सर्वांत मोठं चर्च. नेपोलियनवरच्या विजयाची आठवण म्हणून १८३९मध्ये त्याची पायाभरणी झाली, ते पूर्ण होऊन त्याचा अभिषेक व्हायला १८८३ उजाडलं. त्याचे शेवटचे वृंदप्रमुख म्हणून चेस्नोकोव्हांचं नाव घेतलं जातं. ५ डिसेंबर १९३१ रोजी हे महामंदिर सुरुंग लावून पाडलं. जागा ‘सोव्हिएतांचा प्रासाद’ या नियोजित भव्य सरकारी इमारतीसाठी हवी होती.

या घावानंतर चेस्नोकोव्हांनी संगीत लिहिणं थांबवलं, असं सांगितलं जातं. मी त्या घुमटाचा विचार करतो. गायकाला दालनाचा प्रतिध्वनी ओळखीचा होतो. कुठे सूर सोडला की तो किती वेळ वर तरंगेल, हे त्याच्या अंगात मुरतं. एवढा मोठा प्रतिध्वनी एका दिवसात विटांचा ढीग झाला, तर ज्यानं त्यात श्वास मिसळला तो काय लिहिणार? त्यानंतरची बारा वर्षं त्यांनी स्वतःचा सूर खाली ठेवला.

पण शिकवणं सोडलं नाही. १९४०मध्ये त्यांचं ‘गायनवृंद आणि त्याचं संचालन’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. वृंद कशाला म्हणावं, याची त्यात तीन कसोट्यांवर उभी व्याख्या आहे : आवाजांचा तोल, सुरांचा अचूक मेळ आणि नीट घडवलेली अर्थच्छटा. एकट्याचा आवाज कितीही सुंदर असो, तो शेजाऱ्याला झाकत असेल तर वृंद मोडला. ज्या संगीतातून हे ज्ञान आलं ते त्या काळात मोकळेपणी गाता येत नव्हतं. त्याची शिस्त मात्र वर्गात बसलेल्या पोरांच्या हाती पोहोचली. स्वतः थांबलेल्या माणसानं सूर शेजाऱ्याच्या ओंजळीत ठेवला होता.

१४ मार्च १९४४ रोजी, युद्ध चालू असताना, चेस्नोकोव्ह मॉस्कोत गेले. वागान्कोवो दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला.

साखळी तुटली नाही. देशाबाहेर पडलेल्या रशियनांनी त्यांच्या रचना परमुलखातल्या चर्चमध्ये गायल्या. अमेरिकेत ‘तारण साधलं’ शाळा-कॉलेजांच्या बँडसाठी बसवलं गेलं, आणि चेस्नोकोव्हांचं नावही ज्यांनी आधी ऐकलं नव्हतं अशी मुलं ते क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर वाजवू लागली. वाद्यांना मज्जाव असलेल्या परंपरेतली रचना वाद्यांनी सांभाळली, याचं मला आधी नवल वाटलं. मग लक्षात आलं, तीही फुंकून वाजवायची वाद्यं. तिथेही शेवटी छातीतला वाराच गात होता.

मॉस्कोत तो प्रासाद कधीच उभा राहिला नाही. त्या खड्ड्यावर १९६०मध्ये एक प्रचंड पोहण्याचा तलाव झाला. पुढे तलावही गेला आणि २०००मध्ये त्याच जागी नव्यानं बांधलेल्या महामंदिराचा अभिषेक झाला. दगड परत यायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली. सूर परत यायला बांधकाम लागलं नाही, कारण तो गेलाच नव्हता. कुणी ना कुणी तो धरून होतं.

एखाद्या शांत रात्री ही रचना लावून पाहा. सुरुवातीची उदास पट्टी शेवटाकडे उजळत जाते आणि प्रकाशात येऊन थांबते. तो अखंड सूर ऐकताना एवढं ध्यानात असू द्या : त्या क्षणी वृंदातलं कुणीतरी गप्प आहे, श्वास भरून घेतं आहे, आणि त्याच्या वाटचा सूर शेजारचा सांभाळतो आहे.