वेगळं ताट आणि बंद खिडकी

घरातली गोष्ट चारचौघींत सांगावी की नाही, यावर मी बरेच दिवस घोळ घातला. शेवटी माझी धाकटी जाऊच म्हणाली, "लिहा ताई, फक्त नाव घालू नका." म्हणून लिहिते आहे.

आमचं घर तालुक्याच्या गावातलं. खोल्या चार, माणसं आठ. मी सकाळच्या सत्रात शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे सकाळचा सगळा स्वयंपाक धाकटीवर. २०२४ च्या गणपतीत तिला खोकला लागला. सासूबाई म्हणाल्या, "फोडणीचा ठसका असेल." मग म्हणाल्या धूळ, मग म्हणाल्या हवा बदलली. कोपऱ्यावरच्या दुकानातून खोकल्याच्या तीन बाटल्या आल्या आणि संपल्या. दसरा गेला. संध्याकाळी तिचं अंग कणकणतं, हे मला दिसत होतं. एकदा रात्री मशीनचा आवाज आला म्हणून डोकावले, तर ही आपल्याच पोलक्यांना आतून टीप मारत बसलेली. "सैल होताहेत, ताई," एवढंच म्हणाली.

आता माझी कथा ऐका. मी तशी मराठी शिकवते, पण विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की तो तास माझ्या गळ्यात येतो. 'दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिल्यास थुंकी तपासून घ्यावी' हे वाक्य मी स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिलं आहे आणि मुलांकडून दोनदा वाचून घेतलं आहे. घरी मात्र मी गप्प! कारण वन्संचं लग्न जमवणं चाललं होतं. 'त्यांच्याकडे क्षय आहे' एवढं एक वाक्य गावात फिरलं की पुढची चार स्थळं परस्पर परत जातात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी धुणं भिजवताना तिच्या पदराला रक्ताचा ठिपका दिसला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. रविवारी वन्संना बघायला मंडळी येणार होती. ती हळूच म्हणाली, "ताई, रविवार होऊन जाऊ दे." आणि मी तो होऊ दिला. त्या चार दिवसांत माझा चार वर्षांचा मुलगा नेहमीसारखा काकूच्याच कुशीत झोपत होता.

रविवारी पोहे झाले, चहा झाला. ती मागच्या खोलीत तोंडाला टॉवेल लावून बसली होती. सोमवारी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकीचे नमुने दिले. क्षयच निघाला. औषध फुकट, रोजच्या गोळ्या, वजनाप्रमाणे, सहा महिने. "बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत," असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं. मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. गोळ्यांनी लघवी केशरी होते, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. बिचारी दोन दिवस घाबरून होती, की रक्तच जातं आहे!

सासूबाईंचं म्हणणं, "असले रोग आपल्यासारख्यांच्या घरात येत नाहीत." मी म्हटलं, "आई, डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८७ साली याच रोगाने गेल्या, एकविसाव्या वर्षी. तेव्हा यावर औषध नव्हतं, आता आहे." त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी धाकटीचं ताट, वाटी, पेला वेगळे झाले. तिची अंथरुणं मागच्या खोलीत गेली, आणि त्या खोलीची एकुलती एक खिडकी लावून घेतली. वारा नको, आणि शेजारच्यांच्या नजराही नकोत! मी शेजारी विचारणाऱ्यांना 'टायफॉईड' सांगून मोकळी झाले.

आठवडाभराने क्षयरोग विभागाच्या एक ताई घरी आल्या. खोलीत शिरल्या आणि आधी खिडकीकडेच गेल्या. "ताट कशाला वेगळं केलंत? हा रोग ताटातून येत नाही, हवेतून येतो. खोकताना उडालेले बारीक कण कोंडलेल्या खोलीत तरंगत राहतात. खिडकी उघडा, खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा. नीट औषध चालू असलं की काही आठवड्यांत लागण्याची भीती पुष्कळ कमी होते." म्हणजे जे करायला नको होतं ते आम्ही मन लावून करत होतो, आणि जे करायचं तेच बंद करून बसलो होतो. ह्यांनी आणि भाऊजींनी त्याच दिवशी खिडकीची गंजलेली कडी तोडली.

घरातल्या सर्वांची तपासणी झाली. माझ्या मुलाला रोग नव्हता, पण पाच वर्षांखालचा म्हणून सहा महिने रोज प्रतिबंधक गोळी लागली. जन्मतः बीसीजी टोचलेलं असलं तरी ते लहान मुलांना मुख्यतः गंभीर क्षयापासून वाचवतं, लागण होणारच नाही असं नाही. रोज सकाळी त्याच्या तोंडात गोळी घालताना मला तो गुरुवार आठवे.

ताईंनी जाता जाता आणखी एक विचारलं, "ही जेवते कधी?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं, भांडी घासायच्या आधी उभ्या उभ्या. मीही तशीच जेवते, तुम्हीही जेवत असाल. पण मला शाळेत मधल्या सुट्टीत डबा तरी मिळतो. उपाशी शरीराला हा रोग लवकर धरतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना जादा तांदूळ-डाळ देऊन पाहिली, तर त्यांच्यात नवे रोगी जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी निघाले. २०२३ साली ते प्रसिद्ध झालं. सरकारकडून आहारासाठी पूर्वी महिना पाचशे मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. त्यात दूध आणि अंडी येऊ लागली. अंडी सासूबाईंना चालेनात, म्हणून परसात वेगळी शेगडी मांडली. पण धाकटीला पहिल्या पंगतीला बसवायचं सासूबाईंनीच सुरू केलं, हेही सांगायला हवं.

वन्संचं ते स्थळ परत आलंच नाही. का, ते कळलं नाही.

२०२५ च्या चैत्रात गौरीचं हळदीकुंकू केलं. तिला पाचवा महिना... औषधाचा हो! गाल भरले होते. तिनेच पन्हं फिरवलं. शेजारच्या काकूंनी पेला घेतला आणि न पिता खाली ठेवला. धाकटीने ते पाहिलं. काकू माझ्या कानाशी लागल्या, "टायफॉईडच होता ना हो?"

"नाही, क्षय होता," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच निघालं. दोघीतिघींची कैरीची डाळ हातातच राहिली.

दिवेलागणीला परसदाराची कडी वाजली. काकू होत्या. "कुणाला बोलू नका, पण आमच्या सुनेला संक्रांतीपासून खोकला आहे. कुठे नेलीत हिला?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटी पुढे झाली. "उद्या उठल्याबरोबरची थुंकी लागते, काकू. आधी नुसत्या पाण्याने चूळ भरायला सांगा. आणि नऊच्या आत निघू, मी येते बरोबर."